मुराळ्याचा पंखा

१६ मार्च, रविवार

कारखान्याची डायरी दर वर्षी मिळते आणि दर वर्षी नातवंडं तिच्यात चित्रं काढून संपवतात. या वर्षी मी ती आधी ताब्यात घेतली आहे, कारण जे काम अंगावर घेतलंय ते मला झेपेल की नाही याची शंका आहे. निदान लिहून तरी ठेवावं.

आज बावड्याला जाऊन कुशाआत्याला जत्रेचं आवतन दिलं. कुशाबाई म्हणजे माझ्या वडिलांची, दादांची, धाकटी बहीण. दादा होते तोवर दर जत्रेला तेच मुराळी होऊन जायचे. माहेरवाशिणीला न्यायला माहेरचा जो माणूस जातो तो मुराळी, आणि दादांचा त्यात असा थाट असायचा की जणू राणीलाच आणायला निघालेत. दादा गेले आणि आत्याचं येणं थांबलं. मी दर वर्षी माझी नवी गाडी घेऊन जातो, चहा पितो आणि रिकाम्या गाडीनं कळसला परत येतो.

आज मी विचारलंच, "आत्या, तुझं घोडं अडलंय तरी कुठं?"

"तुझ्या त्या गाडीत मला न्हाय बसायचं. काचा लावल्या की बरणीतल्या लोणच्यावानी वाटतं."

"मग यायचं कसं?"

"आमच्या गाडीनं. अण्णांच्या."

अण्णा म्हणजे माझे आजोबा आणि त्यांची गाडी म्हणजे शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी अँबेसिडर. आत्या लग्न होऊन सासरी गेली ती तिच्यातूनच. दादा आणायला जायचे तेही तिच्यातूनच. आता ती फक्त दसऱ्याला झेंडूच्या माळेपुरती बाहेर येते.

"आत्या, ती चालंल का तरी एवढ्या लांब?"

"चालीव की. म्हातारी झाली म्हणून टाकून देत्यात व्हय कुणाला?"

निघताना पाया पडलो, तर तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कान, नाक, गाल सगळं चाचपलं. "मिशी पांढरी झाली का रं?" म्हणाली. मिशीवर बोटं ठेवून विचारते! मला हसू आलं. तिची चेष्टेची खोड काही जात नाही.

तिची सून राजेश्वरी मला सोडायला फाटकापर्यंत आली. म्हणाली, "भावजी, खरंच आणा ती गाडी. दुसऱ्या कुठल्या गाडीत पाय ठिवत न्हाईत त्या. दवाखान्याला सुदिक न्हाईत. ह्या वर्षी न्या त्यास्नी. फुडल्या वर्षाचं काय सांगावं?" एवढं बोलून ती दूध उतू जातंय म्हणून आत पळाली. दुधाचा वास मला तरी आला नाही.

घरी येताना सारखं वाटत राहिलं, की आता मला ‘विज्या’ म्हणणारं या जगात एकच माणूस उरलंय. बाकी सगळ्यांचा मी विजयसिंहराव झालो.

१९ मार्च, बुधवार

नवी बॅटरी घातली, तेल बदललं, टाकी धुतली. चुलतभाऊ आप्पासाहेब ओट्यावरून बघत होता. "म्हातारीला न्यायला म्हातारी. वाटंत दोघींना बी दवाखाना दाखवावा लागंल," म्हणाला. मी लक्ष दिलं नाही. किल्ली फिरवली, एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली, आणि तिसऱ्यांदा सगळं शेड थरथरलं. माझ्या अंगावर काटा आला. दादा अंगणात आल्यासारखं वाटलं.

तशीच बारामतीला काढली. मोकळ्या रस्त्यावर राणीसारखी चालली. पण हंगामाच्या शेवटाचा ऊस वाहणारा एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन पुढे आला आणि त्याच्या मागं गोगलगाईगत चालावं लागलं. तापमानाचा काटा उठला तो लाल रेघेवर जाऊनच बसला. बॉनेटमधून वाफ निघाली. लिंबाखाली गाडी लावून मी तिच्याकडे बघत बसलो.

भिगवण रस्त्याला सिद्धूचं गॅरेज आहे. सिद्धू घरातही गॉगल काढत नाही असं म्हणतात, आणि बोलणं असं की इंजिन त्यानंच शोधून काढलं. पण त्यानं सांगितलं ते पटलं. जुना पंखा पट्ट्यावर फिरतो. इंजिन पळालं तर पंखा पळणार, इंजिन रेंगाळलं तर पंखाही रेंगाळणार. म्हणजे वाऱ्याची जेव्हा खरी गरज, नेमका तेव्हाच वारा नाही.

"गाडीचा काय दोष न्हाय, मालक," सिद्धू म्हणाला. "ती जन्मली तवा असलं ऊनच नव्हतं. हिला विजेचा पंखा बसवू. उभ्या गाडीला बी वादळ येतंय का न्हाय बघा!"

जत्रेत आमच्या घरापर्यंतचा सगळा रस्ता माणसांनी भरलेला असतो. तिथं गाडी चालत नाही, सरकते. आत्याला गावात आणून वाफेच्या ढगात उभं करायचं म्हणजे तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पंखा पाहिजेच.

२३ मार्च, रविवार

सिद्धूनं दुकानातला सगळ्यात मोठा पंखा बसवला. मी म्हणालो, एवढा कशाला? तो म्हणाला, "ऊन केवढं हाय ते बघा की." पंखा सुरू झाला आणि खरंच गॅरेजमधली धूळ, पानं, कुणाची तरी टोपी, सगळं उडालं. मी तोंड उघडं ठेवून बघत होतो.

परत येताना दिवे लावले तर ते काजव्याएवढे. कळसच्या अलीकडे गाडीनं मान टाकली. आप्पासाहेबाच्या ट्रॅक्टरला दोर लावून घरी आणावी लागली, आणि तो वाटभर गाणं म्हणत होता.

सिद्धूला फोन केला तर शांतपणे म्हणतो, "आरं व्हय की, तिचा डायनामो जुना. गाडी सावकाश असली की वीज करीतच न्हाय तो." हे आधी कळलं असतं तर! म्हणजे पंखा निवडण्याआधी त्याला जेवायला कोण घालणार ते बघायचं. मोठी सून आणली आणि घरात पीठ नाही, अशी गत झाली.

२७ मार्च, गुरुवार

डायनामो काढून त्या जागी आल्टरनेटर बसवला. आता इंजिन सावकाश असलं तरी वीज तयार होते. पण मोठ्या पंख्याला पुरेल एवढी नाही, म्हणून तो परत केला. सिद्धूच्या मनात आता दोन लहान पंखे आले होते, शेजारी शेजारी. लहान मोटारींचे, प्लास्टिकच्या पात्यांचे. बसवले. दिवे ठीक, बॅटरी ठीक, आवाजही बेताचा. पण सावलीत उभी ठेवली तरी काटा हळूहळू वर जातच राहिला. सिद्धूनं पहिल्यांदाच गॉगल काढला. त्याचे डोळे अगदी लहान पोरासारखे आहेत.

मला काय सुचलं कोण जाणे, बाकावरचं वर्तमानपत्र घेतलं, एक पान रेडिएटरच्या तोंडापुढे धरलं आणि हात सोडला. पान पडलं नाही! हवेनं ओढून धरलं, माझ्या हाताशिवाय. मी परत काढलं, परत सोडलं. परत चिकटलं. गाडीला श्वास असतो हे मला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं. आत घेतेय, घेतेय, थांबतच नाही. मी शेतात दिवसभर वाऱ्यात असतो, पण वारा असा धरून कुणी दाखवला नव्हता.

मग नीट पाहिलं तर पान दोन वर्तुळांपुरतंच चिकटलं होतं. चारही कोपरे आणि मधली पट्टी फडफडत होती. तिथून हवा जातच नव्हती. अर्धा रेडिएटर उपाशी.

"ह्याला घेर पायजे," सिद्धू एकदम म्हणाला. "नरसाळ्यावानी. मग सगळ्या अंगातनं वारा वढंल."

दोघेही एवढे खूश झालो की चहा सांगायचं राहून गेलं.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली आणि तडक बारामती गाठली. सणाच्या दिवशी गॅरेज उघडायला लावलं म्हणून सिद्धूच्या बायकोनं मला कडुलिंबाची गोळी जरा मोठीच दिली.

दोन लहान पंखे काढून मधल्या मापाचा एकच बसवला, रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या अंगाला, हवा आत ओढणारा. त्याच्याभोवती सिद्धूनं पत्र्याचा घेर केला आणि कडांना रबराची पट्टी लावली, म्हणजे वारा चोरवाटेनं पळायला नको. पाणी तापलं की पंखा आपोआप सुरू होतो. शिवाय स्टेअरिंगखाली एक बटण आहे, म्हणजे पाहिजे तेव्हा आपल्या हातानं चालू-बंद करता येतो.

वर्तमानपत्राचं अख्खं पान लावलं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ते असं बसलं की इस्त्री केल्यासारखं. भर दुपारी गाडी उन्हात उभी, इंजिन चालू. काटा वर चढला, पंखा आपोआप घरघरला, काटा खाली आला. परत चढला, परत खाली आला. मी आणि सिद्धू तेवढंच बघत बसलो होतो. कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो, पण मी तिला हात जोडले. पाणी, पत्रा, तांब्याच्या नळ्या आणि वारा, एवढ्यावर आग आवरून धरायची ही विद्या कुणाला पहिल्यांदा सुचली असेल? देवळात जे वाटतं तेच वाटलं.

३ एप्रिल, गुरुवार

लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला?

म्हाळसेला, म्हणजे माझ्या बायकोला, घेऊन इंदापूरपर्यंत चाचणी घ्यायची ठरवली. निघताना मला वाटलं, पंखा एवढा चांगला आहे तर त्याला अजून थोडी मदत करावी. घरच्या कूलरला आपण वाळा लावतो, रांजणाला ओलं फडकं गुंडाळतो. म्हणून एक गोणपाट चिंब भिजवलं आणि गाडीच्या जाळीवर पुढून ताणून बांधलं. आता थंडगार हवा जाणार! म्हाळसा म्हणाली, "अहो, तिचं तोंड का बांधलंय?" मी म्हणालो, तुला यातलं काय कळतं?

फाटा ओलांडायच्या आत काटा लाल रेघेवर. पंखा जीव तोडून फिरतोय आणि गाडी पेटतेय. उतरून बघतो तर पंख्यानं ते ओलं गोणपाट असं घट्ट ओढून धरलेलं की नखही शिरेना. वाऱ्याला वाटच नव्हती. जेवढा पंखा चांगला तेवढं गोणपाट घट्ट.

सिद्धूला फोनवर सांगितलं तर बराच वेळ नुसता हसत होता. मग म्हणाला, "मालक, नाकाला वलं फडकं बांधून पळून बघा एकदा."

गोणपाट काढल्यावर गाडी इंदापूरला जाऊन आली, काही तक्रार नाही. म्हाळसा मात्र वाटेत भेटेल त्याला सांगत होती.

८ एप्रिल, मंगळवार

राजेश्वरीचा फोन. आत्या रोज विचारते म्हणाली, गाडी कशी वाजते. दिसते कशी हे नाही, वाजते कशी. शेवटी मी अंगणात इंजिन सुरू करून फोन बॉनेटवर ठेवला. मग आत्याचा आवाज, "हां. तीच हाय." तिला काय वाटलं, मी दुसरी आणून फसवेन? म्हातारपणी माणसं संशयी होतात.

भीती वाटते. आज ऊन असं आहे की बांधावर उभं राहवत नाही. गाडी गर्दीत थांबली तर? आत्या रागानं तिथूनच परत फिरली तर पुन्हा कधी येणार? हे एकच काम दादांनी माझ्याकडे न सांगता ठेवलंय, असं मला वाटतं.

११ एप्रिल, शुक्रवार, संध्याकाळ

बाहेर जत्रा चालू आहे, पण हे आजच लिहून ठेवतो.

सकाळी उन्हाआधी बावडा गाठलं. आत्या तयार होती. हिरवी इरकली नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू. राजेश्वरी तिचा हात धरू लागली तर तिनं झटकला. गाडीपाशी आली, मडगार्डावर तळवा ठेवला आणि म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा फिरवत फिरवत थेट दाराच्या मुठीपर्यंत नेला. दार उघडून, वाकून, पदर सावरून अशी बसली की मीही नीट बसत नाही. माझ्या नव्या गाडीत बसायची वेळ आली तेव्हा हीच बाई फाटकातून मागं फिरली होती. सवयीची गाडी ती सवयीची, असं मी मनात म्हणालो.

काचा उघड्या. वारा तोंडावर घेत ती डोळे मिटून बसली होती, तरी तिला सगळं कळत होतं. मध्येच म्हणायची, "गुऱ्हाळ अजून चालू हाय वाटतं." गुऱ्हाळ होतंच, झाडांच्या आड. "हितं कालवा आला." दोन क्षणांनी कालवा आला. मी थक्क होत होतो. इतक्या वर्षांनी वाट एवढी पाठ! मी मात्र काट्यावर डोळा ठेवून होतो आणि काटा जागचा हलत नव्हता. मनातल्या मनात सिद्धूची पाठ थोपटली.

कळसात शिरलो आणि जत्रेनं घेरलं. पाळणे, जिलबी, बांगड्यांची दुकानं, पोरंच पोरं. गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. याच जागेची मला महिनाभर धास्ती होती. काटा चढला, पंखा सुरू झाला, काटा थांबला, खाली आला. मला एवढा आनंद झाला की मी हॉर्नच वाजवला.

"विज्या, ही घरघर कसली रं?"

"पंखा हाय आत्या! विजेचा. खास तुझ्यासाठी बसवलाय." आणि मी तिला सगळं सांगायला लागलो, आल्टरनेटर, घेर, रबराची पट्टी.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बंद कर."

"आत्या, गाडी उभी हाय. तापंल."

"बंद कर, बाळा. मला गाव ऐकू यीना."

मी बटण दाबलं. पंखा थांबला. काटा लगेच उठला. तिनं कान खिडकीकडे केला होता, कपाळाला आठी पडली होती. "इंजिन बी," ती म्हणाली.

क्षणभर मला राग आला. एवढा खटाटोप कशासाठी केला मग? पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली.

गाडी गप्प झाली. आणि मग मलाही गाव ऐकू आलं. देवळाची घंटा, गिरणीच्या पट्ट्याची फटफट, पिंपळाची सळसळ, हलगी. रोजचंच सगळं, आणि मी ते कधी ऐकलं नव्हतं.

आप्पासाहेब गर्दीतून पुढे आला. "मेली का गाडी?"

"न्हाय," मी म्हणालो. "आत्याला गाव ऐकायचंय."

त्यानं एकदा आत्याकडे बघितलं. टोपी खिशात कोंबली, मागं गेला आणि गाडीला खांदा लावला. मग भावकीतले दोघे-तिघे आले, मग कोण कोण. ज्यांचं एकमेकांशी बोलणं नाही तेही शेजारी शेजारी उभे राहून ढकलत होते. हलगीवाला गप्प झाला. बांगडीवाल्यांनी आपल्या टोपल्या मागं ओढल्या. चाकांखालची खडी तेवढी वाजत होती.

"आता वळण," आत्या म्हणाली. खरंच वळण आलं. "आता चढ हाय, दम लावा रं पोरांनो." मागनं पन्नाशी-साठीच्या पोरांनी दम लावला. बाजूनं कुणी म्हातारी ओरडली, "कुशे, आलीस व्हय गं?" तर हिनं मान न वळवता उत्तर दिलं, "आले की, द्वारके! अजून तशीच कोकलतीस व्हय?" द्वारकाबाई गाडीला धरून रडायला लागली. स्टेअरिंग माझ्या हातात होतं, पण गाडी मी चालवत नव्हतो. आयुष्यात एवढं मोठं काही मी बघितलेलं नाही.

गाडी दारात थांबली, आत्या खाली आली. म्हाळसेनं भाकरतुकडा ओवाळला, तिच्या पायावर पाणी घातलं. मग आत्या माझ्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या चढली आणि दारासमोर थांबली. दार तिच्यापुढे हातभर अंतरावर, वर लख्ख ऊन.

"दार निळंच हाय न्हवं रं अजून?"

दार तपकिरी आहे. गेल्या दिवाळीला मीच रंगवलंय.

मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. महिनाभर इंजिनात डोकं घालून बसलो होतो, ते आज पहिल्यांदा नीट पाहिलं. ते दाराकडे नव्हतेच. ते कुठंच नव्हते. चेहरा चाचपणं, मडगार्डावरून फिरणारा हात, ‘गाडी वाजती कशी’, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. तिला दिसत नाही. किती वर्षं झाली कोण जाणे. या एकाच गाडीत तिला कुणाचा हात न धरता बसता येतं, म्हणून ही गाडी.

"व्हय आत्या," मी म्हणालो. "निळंच हाय."

तिनं चौकटीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि उंबरा ओलांडून आत गेली. म्हाळसेनं माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळी दुकान उघडायच्या आधीच इंदापुरात जाऊन उभा होतो. आलो आणि कामाला लागलो. आप्पासाहेब जाता जाता थांबला. "जत्रंच्या दिवशी दार रंगवतोस? डोकं फिरलं का?" मग त्यानं डब्यातला रंग बघितला, आत चुलीपाशी बोलत बसलेल्या आत्याचा आवाज ऐकला, आणि घरातून दुसरा ब्रश घेऊन आला. खालची फळी त्यानं केली, वरची मी.

थोड्या वेळानं आत्या भिंतीला हात लावत ओट्यावर आली आणि आमच्याजवळ बसली.

"रंगाचा वास येतोय. काय चाललंय रं?"

"दार रंगवतोय आत्या."

"कुठला रंग?"

"निळाच. जुना उडाला होता जरा."

आप्पासाहेबाचा हात थांबला, माझाही. मग तिच्या तोंडावर हळूहळू हसू आलं, दादांचं खोटं पकडल्यावर तिला यायचं तसं.

"दोन हात दे मग," म्हणाली. "एका हातात खालचा रंग झाकत न्हाय."